मांजराच्या लहान पिल्लाच्या कानातील माइट्स : औषध कोणते, कोणत्या वयापासून आणि किती?

टिळकवाडी सांज (धागाकर्ती)

नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मांजरे पाळणाऱ्या सभासदांकडून मला नेमकी माहिती हवी आहे. आमच्या घरी एक अगदी लहान पिल्लू आले आहे. त्याची आई आसपास कुठे दिसत नाही आणि त्याचे वय ठाऊक नाही. खाणेपिणे ठीक आहे, खेळतेही. पण खेळता खेळता मध्येच थांबून मागच्या पायाने कान खाजवते, डोके झटकते आणि कानाला हात लावू देत नाही. दोन्ही कानांत काळपट तपकिरी, भुसभुशीत, कॉफीच्या चोथ्यासारखा मळ साचला आहे आणि उजव्या कानामागचे केस खाजवून गेले आहेत.

सल्ले भरपूर मिळत आहेत. एका शेजारणीने कानात करंजेल तेल सोडायला सांगितले, एकांनी आपल्या कुत्र्याचे गोचिडांवरचे थेंब आणून दिले, तर एकांनी माणसांच्या कानातील मळ काढायचे थेंब सुचवले. यांपैकी काहीही मी वापरलेले नाही. एवढ्याशा जिवाला कोणते औषध चालते, आणि आपल्याकडचे जनावरांचे डॉक्टर प्रामुख्याने गाई-म्हशी पाहत असताना मांजरासाठी त्यांच्याकडे नेमके काय मागावे, हे कृपया सांगावे.

खानापूरचा पाऊस

ताई, वर्णन कानातील माइट्सचेच, म्हणजे कानात राहणाऱ्या सूक्ष्म परजीवी जिवांचेच वाटते, पण मळ काळा आहे एवढ्यावरून निश्चित मानू नये. आमच्या खानापुरात पावसाळाभर हवा इतकी दमट असते की मांजरांच्या कानांत बुरशीचा संसर्गही होतो, आणि त्याचा मळही गडदच असतो. तो जरा चिकट, तेलकट असतो आणि त्याला आंबूस वास येतो. माइट्सचा मळ बहुधा कोरडा आणि कणीदार असतो.

घरी एक साधी तपासणी करता येते. कानाच्या पाळीच्या आतल्या बाजूला जो मळ सहज निघतो तेवढाच कापसावर घ्यावा, काळ्या कागदावर पसरावा आणि उजेडात भिंगाने पाहावा. पांढरे बारीक ठिपके हळूहळू सरकताना दिसले तर शंका उरत नाही. दिसले नाहीत तर मात्र माइट्स नाहीत असे म्हणता येत नाही. तेवढ्यासाठी सूक्ष्मदर्शकच लागतो.

शेतवड हुक्केरी

माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या गोठ्यात कायम चार-पाच मांजरे असतात आणि त्यांना हा त्रास अधूनमधून होतो. आमच्याकडे गुरांना जंतांसाठी जे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात, तेच थोडेसे मांजरांना देण्याची पद्धत आहे आणि मोठी मांजरे त्याने बरी झालेली मी स्वतः पाहिली आहेत. त्याआधी कोमट खोबरेल तेलाचे दोन थेंब कानात सोडले की मळ सुटतो. प्रत्येक गोष्टीसाठी बेळगाव शहर गाठणे खेड्यातल्या माणसाला परवडत नाही. औषध जवळ असताना जीव खाजवत ठेवणे मला योग्य वाटत नाही.

निपाणी वखार

आमच्याकडे तंबाखूच्या वखारींत उंदरांसाठी मांजरे पिढ्यान्पिढ्या ठेवली जातात, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहितो. जनावरांच्या उवा-गोचिडांवर तंबाखू भिजवलेले पाणी चोळायचा जुना उपाय आमच्या भागात आजही सांगितला जातो. तो मांजराच्या पिल्लावर चुकूनही करू नये. निकोटिन कातडीतूनही अंगात शिरते, आणि मांजर तर अंग चाटून स्वच्छ करणारे जनावर आहे, त्यामुळे अंगावर लावलेले सगळे शेवटी त्याच्या पोटातच जाते. लाळ गळणे, उलटी, थरथर, मग श्वास अडकणे असा तो क्रम असतो.

पशुवैद्य सीमाभाग

चर्चा उपयुक्त चालली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी याच भागात काम करतो. माझ्या दिवसाचा मोठा भाग गाई-म्हशींतच जातो, पण मांजरे आणणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्याचा मला आनंद आहे.

कानातील या माइटचे शास्त्रीय नाव ओटोडेक्टेस सायनोटिस. हा कोळ्यांच्या वर्गातला आठ पायांचा सूक्ष्म जीव आहे. तो कातडीत बिळे करत नाही. कानाच्या नळीच्या पृष्ठभागावर राहतो आणि तिथल्या मृत पेशी व स्राव यांवर जगतो. त्याच्या वावरामुळे नळीला दाह होतो, मळ वाढतो, आणि त्या मळात पुढे जिवाणू व बुरशी वाढतात. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला सुमारे चार दिवस लागतात आणि अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत साधारण तीन आठवडे. प्रौढ माइट सुमारे दोन महिने जगतो. हे आकडे लक्षात ठेवा, कारण उपचार अर्धवट सोडण्याची सगळी चूक इथेच होते. चार दिवस थेंब घातले, खाज कमी झाली, थेंब बंद केले. पण अंडी तशीच राहिली आणि पंधरवड्याने त्रास पुन्हा तिथेच आला.

आता हुक्केरीच्या दादांच्या मुद्द्याकडे येतो. आयव्हरमेक्टिन हे मोलाचे औषध आहे, ज्या शोधातून ते आले त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या मांजरांत पशुवैद्य आपल्या जबाबदारीवर ते वापरतात, हेही खरे आहे. प्रश्न आहे तो पिल्लाचा आणि मात्रेचा. गुरांचे इंजेक्शन १ टक्क्याचे असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध. गुरांची मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम असते. तोच हिशेब अर्धा किलो वजनाच्या पिल्लाला लावला तर ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिलिटर एवढेच औषध येते. एक मिलिलिटरच्या सिरिंजवरची ही सर्वांत बारीक खूण आहे. गोठ्यात नेहमी वापरतात त्या सिरिंजने 'थोडेसे' दिले, तर ते दहापट किंवा वीसपट सहज होते. शिवाय लहान पिल्लात रक्तातून मेंदूकडे जाणारी औषधे अडवणारी यंत्रणा पुरती तयार झालेली नसते. बाहुल्या मोठ्या होणे, झोकांड्या, अंगाला कंप, तात्पुरते अंधत्व आणि शेवटी बेशुद्धी असे परिणाम दिसतात, आणि यावर उतारा नाही. सलाइन आणि ऊब देत वाट पाहावी लागते. माइट्समुळे पिल्लू एका रात्रीत दगावत नाही, या औषधाने दगावू शकते. म्हणून घाई करू नये.

कुत्र्याचे थेंब परत करा. त्यांपैकी अनेकांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते. कुत्र्याचे यकृत ते पचवते. मांजराच्या यकृताला ते जमत नाही आणि झटके येऊन मांजर मरू शकते. गोठ्यात गोचिडांवर फवारतात त्या डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन आणि अमिट्राझ यांपासूनही मांजराला दूर ठेवावे.

पिल्लासाठी आज सर्वांत सोयीचे औषध म्हणजे मानेवर टाकायचे सेलामेक्टिनचे थेंब. ते आठ आठवड्यांपासून देता येतात. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, मानेच्या मुळाशी, जिथे जीभ पोहोचत नाही तिथे केस बाजूला करून थेट कातडीवर टाकायचे. औषध कातडीतून रक्तात जाऊन कानापर्यंत पोहोचते, त्यामुळे दुखऱ्या कानात काही घालण्याची वेळ येत नाही. एक मात्रा बहुतेकांना पुरते, काहींना महिन्याने दुसरी लागते. मॉक्सिडेक्टिन आणि इमिडाक्लोप्रिड एकत्र असलेले थेंब नऊ आठवड्यांनंतर आणि वजन साधारण एक किलो झाल्यावर चालतात. म्हणून सगळ्यांत आधी वय आणि वजन ठरवा, औषधाचे नाव त्यानंतर.

टिळकवाडी सांज

डॉक्टरसाहेब, इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कुत्र्याचे थेंब आजच परत केले. वेष्टनावर परमेथ्रिन हे नाव खरोखरच होते. आता प्रश्न असा की, जे पिल्लू कधी जन्मले हेच ठाऊक नाही, त्याचे वय घरी कसे ओळखायचे?

मागावरचा धागा, वडगाव

ताई, तोंड उघडून दात पाहावेत. पुढचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात, त्याच दरम्यान सुळे येतात, आणि सुळ्यांमागच्या दाढा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात. सगळ्या दुधाच्या दाढा आल्या असतील तर पिल्लू सहा आठवड्यांच्या आसपास आहे असे समजावे. डोळ्यांचा रंगही सांगतो. सगळ्या पिल्लांचे डोळे आधी निळसर असतात, सहा-सात आठवड्यांपासून खरा रंग उतरू लागतो.

वजन करण्यासाठी आमच्या वडगाव-शहापूरच्या विणकरांकडे सूत तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा घरोघरी असतो. तुमच्याकडे स्वयंपाकघरातला काटा असेल तर तोही चालेल. काट्यावर डबा ठेवून आकडा शून्य करावा, डब्यात फडके घालून पिल्लू बसवावे. खाते-पिते पिल्लू ढोबळमानाने महिन्याला अर्धा किलो या हिशेबाने वाढते: एक महिन्याचे साधारण अर्धा किलो, दोन महिन्यांचे साधारण एक किलो. उपाशी राहिलेले पिल्लू या हिशेबात बसत नाही, म्हणून वयासाठी दात पाहावेत आणि मात्रेसाठी वजन.

शेतवड हुक्केरी

डॉक्टरांनी मांडलेला हिशेब मला पटला. अर्ध्या किलोच्या जिवाला सिरिंजची एक बारीक खूण, हे असे कोणी समजावून सांगितले नव्हते. यापुढे पिल्लांसाठी ते इंजेक्शन सुचवणार नाही. परंतु माझा दुसरा मुद्दा अजून उभा आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लाळ-खुरकुताची लस मिळते, गुरांची जंताची औषधे मिळतात. सेलामेक्टिन मिळत नाही. खेड्यातल्या माणसाने काय करावे?

औषधदुकान चिकोडी

मी औषध दुकान चालवतो, म्हणून दादांच्या प्रश्नाचा तेवढा भाग सांगू शकतो. पाळीव प्राण्यांची औषधे सगळ्याच दुकानांत नसतात, पण पशुवैद्यांची चिठ्ठी असेल तर बेळगाव किंवा कोल्हापूरहून मागवून देता येतात. ठोक व्यापाऱ्यांच्या गाड्या या मार्गावर रोज ये-जा करतात. सरकारी दवाखान्यात औषध नसले तरी तपासणी आणि चिठ्ठी मिळू शकते, आणि इथे तीच अधिक महत्त्वाची आहे. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून आपल्या तालुक्यातील फिरत्या पशुचिकित्सा वाहनाची चौकशी करावी.

खरेदी करताना कंपनीच्या नावाकडे पाहू नये, घटकाच्या नावाकडे पाहावे. काही जण पैसे वाचवण्यासाठी कुत्र्याची सेलामेक्टिनची मोठी नळी घेऊन मांजरांत वाटतात. मांजरांच्या नळीत एका मिलिलिटरला ६० मिलिग्रॅम औषध असते, कुत्र्यांच्या नळीत १२० मिलिग्रॅम. थेंब तेवढेच दिसतात, औषध दुप्पट जाते. लहान पिल्लांसाठी १५ मिलिग्रॅमची वेगळी छोटी नळी असते, तीच मागावी.

माणसांच्या कानातील मळ काढायच्या थेंबांविषयी ताईंनी विचारले होते. त्यांपैकी बऱ्याच थेंबांत पॅराडायक्लोरोबेन्झिन, बेन्झोकेन, क्लोरब्युटॉल आणि टर्पेंटाइन तेल असते. बेन्झोकेनने मांजराच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि टर्पेंटाइन त्याच्यासाठी विषारीच आहे. संसर्गावरच्या थेंबांत निओमायसिन किंवा जेंटामायसिन असते. कानाचा पडदा फाटलेला असताना ते आत गेले तर कायमचे बहिरेपण येऊ शकते. माझ्या दुकानात मांजरासाठी असे थेंब मागायला येणाऱ्यांना मी ते देत नाही आणि कारण समजावून सांगतो.

दूधवाली कंग्राळी

माझी मुले दिवसभर मांजराला कुशीत घेऊन बसतात. हे माइट्स मुलांच्या कानात जातात का? सासूबाई मांजर घराबाहेर ठेवा म्हणून मागे लागल्या आहेत.

गोकाकचा धबधबा

वहिनी, याच प्रश्नाचे उत्तर एका अमेरिकन पशुवैद्याने स्वतःच्या कानावर शोधले होते. न्यूयॉर्क राज्यातील वेस्टपोर्टचे डॉ. रॉबर्ट लोपेझ यांनी मांजराच्या कानातील माइट्स काढून स्वतःच्या कानात सोडले आणि काय होते याची नोंद ठेवली. त्यांचा हा वृत्तान्त १९९३ मध्ये अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला आणि १९९४ मध्ये त्यांना कीटकशास्त्राचे इग-नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचे) पारितोषिक देण्यात आले. कानात सरसर आवाज येत असे, खाज असह्य होत असे आणि माइट्स रात्री अधिक हालचाल करीत असल्याने झोप लागत नसे, असे त्यांनी लिहिले आहे. पुढे त्रास आपोआप ओसरला. त्यांनी तो प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि प्रत्येक वेळी त्रास कमी होत गेला.

मला या प्रयोगाचे मोल दुसऱ्याच कारणासाठी वाटते. पिल्लाला बोलता येत नाही. आपल्या कानात दिवसरात्र काय चालले आहे ते त्याच्या वतीने एका माणसाने सांगितले. 'मांजर आहे, खाजवणारच' असे म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

पशुवैद्य सीमाभाग

गोकाककरांनी दिलेली माहिती बरोबर आहे. वहिनी, माणसाच्या कानात हे माइट्स वस्ती करून राहत नाहीत. क्वचित हातावर किंवा पोटावर बारीक पुरळ येते, मांजराचा उपचार झाला की जाते. मांजर बाहेर काढण्याची गरज नाही. बाहेर ठेवले तर उलट गल्लीतल्या मांजरांकडून ते पुन्हा माइट्स घेऊन येईल.

एक सूचना मात्र मुलांना जरूर द्या. दुखऱ्या कानाला हात लागला की पिल्लू चावते किंवा ओरखडते. तसे झाले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीविषयी विचारावे. पिल्लू लहान आहे, घरातलेच आहे, म्हणून हे टाळू नये.

वाचक संकेश्वर

कान स्वच्छ कसा करावा यावर अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. मी बरीच वर्षे रस्त्यावरच्या पिल्लांची देखभाल करते.

मांजराच्या कानाची नळी सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग आत वळते. पडदा त्या वळणापलीकडे असतो. म्हणून कापूस लावलेली काडी आत घालणे हा सर्वांत वाईट प्रकार. काडीने मळ बाहेर येत नाही, वळणावर ठासला जातो. पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी ओटोस्कोपने (कानात पाहायच्या उपकरणाने) पाहिलेले असेल आणि त्यांनी कान धुण्याचे द्रावण दिले असेल तरच पुढचे करावे. बाटली हातात धरून कोमट करावी. गार द्रावण आत गेले की पिल्लाला भोवळ येते. पिल्लाला जाड सुती पंचात गुंडाळून फक्त डोके बाहेर ठेवावे आणि मांडीवर घ्यावे. दोन-तीन थेंब सोडून कानाच्या मुळाशी बोटांनी हलकेच चोळावे, चुळचुळ आवाज येतो. मग सोडून द्यावे. पिल्लू स्वतःच डोके झटकून मळ वर आणते आणि आपण तो बोटाला गुंडाळलेल्या कापसाने टिपून घ्यायचा. जेवढे दिसते तेवढेच पुसायचे. शेवटी त्याच्या आवडीचा घास द्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी ते पळून जात नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर, लिंबू, डेटॉल यांपैकी काही कानात घालू नये. टी ट्री तेल तर मांजरासाठी विषच आहे. करंजेल आणि कडुलिंबाचे तेलही मी पिल्लाला लावत नाही. वास उग्र असतो, कातडी भाजते आणि ते चाटले जाते. खोबरेल तेलाविषयी हुक्केरीच्या दादांशी मी थोडी सहमत आहे, मळ मऊ करायला त्याची मदत होते. पण त्याने माइट्स पूर्ण जात नाहीत, आणि पडदा फाटलेला असेल तर तेही आत शिरते. औषधाच्या जागी त्याला बसवू नये.

पिल्लाला आंघोळ घालू नये, हेही सांगते. आपल्याकडच्या पावसाळी गारठ्यात भिजलेले पिल्लू फार लवकर थंड पडते.

मागावरचा धागा, वडगाव

संकेश्वरच्या ताईंनी लिहिलेले फार उपयोगी आहे. यात घरातल्या इतर प्राण्यांची भर घालतो. हे माइट्स एका कानातून दुसऱ्या कानात अंगाला अंग लागून जातात. मांजरातून कुत्र्यातही जातात. आमच्या गल्लीत एका घरी एकाच मांजराला औषध दिले जात होते आणि दुसरे खाजवत नाही म्हणून त्याला वगळले जात होते. न खाजवणाऱ्या मांजराच्या कानातही माइट्स असू शकतात. दोघांना एकाच दिवशी औषध दिल्यावर तो प्रश्न मिटला. अंथरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. अंगावेगळे झालेले माइट्स फार काळ तग धरत नाहीत, त्यामुळे घरभर औषध फवारण्याचे कारण नाही. फरशीला फिनेल लावू नये, ते पायाला लागून चाटण्यात जाते.

खानापूरचा पाऊस

आमच्या शेजारच्या मांजराच्या कानांच्या कडांवर पांढुरकी, जाड खपली धरली आहे आणि ती आता कपाळावर उतरू लागली आहे. हाही याच माइट्सचा प्रकार का?

पशुवैद्य सीमाभाग

नाही, हे वर्णन नोटोएड्रेस कॅटी या वेगळ्या माइटचे वाटते, म्हणजे मांजराची खरूज. तो कातडीत बिळे करतो, कानाच्या कडेपासून सुरू होऊन तोंडाकडे आणि मानेकडे पसरतो. तो माणसाला काही काळ खाजही आणतो. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. त्या मांजराला लवकर आणा आणि तोवर इतर मांजरांपासून वेगळे ठेवा.

याच ओघात, घाईने दवाखाना गाठावा अशी लक्षणे सांगतो: डोके एका बाजूला कलणे, गोल गोल फिरणे, तोल जाणे, डोळ्यांची बुबुळे आपोआप हलणे. म्हणजे त्रास आतल्या कानापर्यंत पोहोचला आहे. खाजवून कानाची पाळी फुगून उशीसारखी झाली असेल तर आत रक्त साकळले आहे; ते घरी फोडू नये. आणि हिरड्या फिकट पांढऱ्या दिसत असतील तर कान बाजूला ठेवून आधी पिसवा पाहाव्यात. लहान पिल्लाचे रक्त पिसवा इतके शोषतात की त्यानेच ते दगावते.

टिळकवाडी सांज

सर्वांच्या सल्ल्याप्रमाणे पिल्लाला पशुवैद्यांकडे नेले. जाताना दातांची नोंद, वजन, आणि आजवर काहीही घातलेले नाही हे एका कागदावर लिहून नेले. तिथल्या साहाय्यकांना मराठी कमी येत होते; 'बेक्किन मरी' (मांजराचे पिल्लू) आणि 'किवी' (कान) एवढ्या माझ्या मोडक्या कन्नडवर त्यांनी आपुलकीने सगळे समजून घेतले. डॉक्टरांनी ओटोस्कोपने दोन्ही पडदे पाहिले, ते शाबूत आहेत. मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मलाही दाखवला. माइट्स स्पष्ट चालताना दिसले आणि काही अंडीही होती. बुरशी सापडली नाही.

सुळ्यांमागच्या दाढा पूर्ण आल्या आहेत, म्हणून वय सहा ते सात आठवडे धरले आहे. आठ आठवडे पूर्ण होऊन वजन पुन्हा पाहिल्यावरच सेलामेक्टिन द्यायचे ठरले. तोवर दिलेल्या द्रावणाने कान हलकेच धुणे आणि मागच्या पायांची नखे कापलेली ठेवणे एवढेच. मळ निघाल्यावर खाज लक्षणीय कमी झाली आहे आणि पिल्लू रात्री सलग झोपते. पिसवांसाठी बारीक दातांची फणी रोज फिरवते आहे.

शेतवड हुक्केरी

वाचून समाधान वाटले, ताई. मीही गोठ्यातल्या मोठ्या मांजरांना आता तपासून घेणार आहे. एक प्रश्न उरतो, डॉक्टरसाहेब. आमची एक भाटी नुकतीच व्याली आहे, पिल्ले अंगावर पीत आहेत आणि तिच्याच कानात असा मळ आहे. पिल्लांना औषध चालत नाही. मग दूध पाजणाऱ्या आईला चालते का?

पशुवैद्य सीमाभाग

चालते, दादा, आणि तिलाच आधी द्यायला हवे. पिल्लांना माइट्स बहुतेक वेळा आईकडूनच येतात. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मांजरींत सेलामेक्टिन सुरक्षित असल्याचे तपासले गेलेले आहे. इतर औषधांबाबत मात्र विचारल्याशिवाय काही देऊ नका. थेंब मानेच्या मुळाशी टाका आणि जागा वाळेपर्यंत तिला पिल्लांपासून दूर ठेवा, म्हणजे ती तिथे तोंड लावणार नाहीत. वाळल्यावर लगेच त्यांच्याजवळ सोडा. दूध तोडू नका. पिल्लांचे कान तोवर नुसते पाहत राहा, काही घालू नका. ती आठ आठवड्यांची झाली की वजन करून टोपलीतून घेऊन या. गोठ्यात कुत्रा असेल तर त्यालाही त्याच दिवशी आणा, त्याचे कानही पाहून घेऊ.